मांडवीतला ग्रीक कौल

माणसाचे भाग्य त्याच्या हातात नसते आणि तळहातावरही नसते. ते ऑलिंपस पर्वताच्या शिखरावर, बारा देवांच्या बैठकीत ठरते. हे सत्य दत्ताराम शिवलकर यांनी मांडवीतल्या आपल्या गॅलरीत उभे राहून, समुद्राकडे हात करून, खणखणीत आवाजात उच्चारले. समुद्राकडे म्हणजे, समुद्र ज्या दिशेला असल्याचे बिल्डरने फ्लॅट विकताना सांगितले होते त्या दिशेला. मध्ये शेजारच्या इमारतीचे संडासाचे पाइप येतात. त्यांच्या पत्नी दर्शनाताई दोरीवर कपडे घालत होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं. पर्वतावरून खाली आलात की त्या लेंग्याला चिमटे लावा. वारा सुटलाय.”

मोठ्या माणसांची उपेक्षा घरापासून सुरू होते, हे दत्तारामांना ठाऊक होते. त्यांनी चिमटे लावले, पण ते लावताना चेहऱ्यावर एक प्रकारची करुणा ठेवली.

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून दत्तारामांना एकच दुखणे होते. त्यांना कोणी काही विचारत नसे. नोकरीत असताना बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण दत्तारामांशी बोलत. आता भाजी कुठली आणायची हेसुद्धा दर्शनाताई त्यांना विचारत नव्हत्या, सांगत होत्या. अशा अवस्थेत माणूस एकतर ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार होतो किंवा अध्यात्माकडे वळतो. खजिनदाराची जागा भरलेली होती.

तेव्हा त्यांनी मोबाइलवर टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांचा, वर्ग लावला. दर रविवारी सकाळी पुण्याहून शमिका मॅडम शिकवत. मॅडम वयाने त्यांच्या निम्म्या, पण बोलणे ठाम. त्यांचे म्हणणे असे की पत्त्यांचे अर्थ पाठ करू नका. प्रत्येक पत्त्यामागे एक ग्रीक कथा आहे, ती कळली की पत्ता आपोआप बोलतो. वर्गात नाशिक, सांगली, बडोदे इथल्या बायका होत्या आणि पुरुष एकटे दत्ताराम. ते गंजीफ्रॉकवर शर्ट चढवून, केस विंचरून, फोन तांब्याला टेकवून बसत.

दुसऱ्याच रविवारी क्रोनसची गोष्ट निघाली. आपल्याच पोटचे पोर आपल्याला गादीवरून उतरवणार असे भाकीत ऐकून या देवाने एकामागून एक आपली पोरे गिळली. वर्गातल्या बायका हळहळल्या. दत्तारामांना मात्र इथे पहिल्यांदा काहीतरी ओळखीचे दिसले. वीतभर कातळ आणि सातबाऱ्यावर वाडीभर नावे, असे उतारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. वारसनोंद होण्याआधी वारसच पोटात घ्यायचा, हा उपाय क्रूर खरा. पण अख्ख्या जिल्ह्यात तो कोणाला सुचला नव्हता, याची त्यांनी मनातल्या मनात नोंद केली. पुढे कळले की आईने लपवून वाचवलेल्या धाकट्या झ्यूसने बापाला फसवून त्याच्या पोटातून सगळी भावंडे बाहेर काढली आणि मग तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटप केले. आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला, पाताळ हेडीसला.

“आणि जमीन, मॅडम?” दत्तारामांनी विचारले.

मॅडमनी पुस्तक चाळून सांगितले की जमीन तिघांत सामाईक राहिली.

दत्तारामांनी कपाळाला हात लावला. ग्रीसमध्ये पुढे जी युद्धे झाली, शहरे जळली, राजे परागंदा झाले, त्या सगळ्याचे मूळ त्यांना त्या एका शब्दात दिसले. त्यांनी वर्गाला हे समजावून सांगायला जो प्रारंभ केला तो मॅडमनी आवाज बंद करेपर्यंत चालला. पण त्या रविवारपासून ग्रीक देव त्यांना परके राहिले नाहीत. ते एक मोठे, भांडखोर, वाटप अर्धवट राहिलेले कोकणी खानदानच होते. फक्त कपडे कमी घालणारे.

पत्ते पार्सलने आले. पार्सलवाल्याने ते वर न आणता खालूनच हाळी दिली, “शिवलकर, तुमचे पत्ते आलेत.” हे वाक्य चार मजल्यांनी ऐकले. संध्याकाळपर्यंत इमारतीत ठरून गेले की शिवलकरांकडे तीनपानी सुरू होणार आणि दर्शनाताई बिचाऱ्या माहेरी जाणार. रात्री जेवणाआधी सोसायटीचे सेक्रेटरी प्रज्ञेश दारात हजर. प्रज्ञेश बँकेत अधिकारी. माणूस सरळ, वाचलेला, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय न करणारा. त्यांनी बसायला नकार दिला आणि उभ्या उभ्या पत्ते पाहायला मागितले. वरचाच पत्ता निघाला तो प्रोमिथियसचा. डोंगराला साखळदंडाने बांधलेला माणूस आणि त्याचे काळीज खाणारा गरुड.

“हा कोण?” प्रज्ञेशनी विचारले.

“याने माणसांसाठी देवांकडून अग्नी चोरला. त्याची शिक्षा.”

प्रज्ञेश बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. “माणूस चांगला दिसतो,” ते म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी निकाल दिला. हा जुगार नाही, हे मान्य. पण जुगार नाही म्हणजे हे भविष्य आहे, आणि भविष्य हे जुगाराहून वाईट. जुगारात निदान कोणीतरी जिंकते.

कमिटीची सभा बसली. ती सुरू झाली टॅरोवर, मध्ये वरच्या मजल्यावरच्या सागरने पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या मोटारसायकलवर गेली आणि संपताना ठराव झाला की दत्ताराम शिवलकर यांना छंद म्हणून पत्ते बाळगण्यास हरकत नाही. मात्र गैरसमज टाळण्यासाठी त्यांनी दारावर पाटी लावावी. पाटीचा मजकूर प्रज्ञेशनी स्वतः तयार केला: ‘येथे जुगार खेळला जात नाही व भविष्य सांगितले जात नाही.’

त्या पाटीने घात केला. मांडवीतल्या अनेक दारांवर अनेक पाट्या आहेत, पण भविष्य सांगत नाही असे बजावणारी ही एकच. एवढे ठासून नाही म्हणतो त्याअर्थी या माणसाला नक्की काहीतरी दिसत असणार, असे लोकांनी अनुमान काढले. चौथ्या दिवसापासून माणसे चपला बाहेर काढून आत येऊ लागली आणि आवाज खाली करून म्हणू लागली, “पाटी वाचली हो. पण आमचं एवढंच बघा.”

दत्तारामांच्या कीर्तीला खरा हातभार लावला तो पोसायडनने. तळमजल्यावरचे धोंडूकाका भाटकर सहज म्हणून आले असताना त्यांनी इमारतीसाठी एक पत्ता काढला. निघाला मनोरा: पोसायडनने त्रिशूळ आपटला आहे आणि राजवाडा कोसळतो आहे. दत्ताराम गंभीरपणे म्हणाले, पाण्याच्या देवाचा कोप दिसतो. दुसऱ्या दिवशी इमारतीचा पंप फुटला. तो पंप पावसाळ्यापासून गळत होता आणि खुद्द दत्तारामांनीच त्याबद्दल कमिटीकडे तक्रारी केल्या होत्या, ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही. तक्रार केली तेव्हा पंप दुरुस्त झाला नव्हता. देवाने सांगितले तेव्हा नवा आला.

धोंडूकाका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते इमारतीला सल्ला देत. टॅरोचा त्यांनी एका बैठकीत निकाल लावला.

“पत्ता सुलटा आला तर काय?”

“तर एक अर्थ.”

“नि उलटा आला तर?”

“अर्थ बदलतो. म्हणजे अगदी विरुद्ध नव्हे, पण त्यातली शक्ती अडलेली असते, अंतर्मुख...”

“म्हणजे डावा कौल,” धोंडूकाका म्हणाले. “सरळ सांगा ना भाऊ. सुलटा तो उजवा, उलटा तो डावा. उगाच माणसाला फिरवू नका.”

आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. विहीर खणण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे असेच ठरत आले आहे. धोंडूकाकांनी ही तुलना केली आणि टॅरो नावाची परदेशी, गहन, माणसाच्या अंतर्मनाचा तळ शोधणारी विद्या दुपारच्या चहापर्यंत गावची झाली.

अशीच एकदा जिन्यात डिमिटरची गोष्ट निघाली. डिमिटर ही पिकापाण्याची देवी. तिची लेक पर्सेफनी हिला हेडीसने पाताळात नेली. आई रडत बसली आणि सगळी शेती करपली. शेवटी देवांनी तडजोड काढली. पण पोरीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले, आणि तिथले अन्न पोटात गेले की तिथे परतावेच लागते. म्हणून वर्षातले काही महिने ती खाली आणि बाकीचे आईकडे, असे ठरले.

“यात ग्रीक काय हाय?” धोंडूकाका म्हणाले. “आमच्या वाडीत घरटी एक पर्सेफनी हाय. तिकडचं अन्न पोटात गेलं की संपलं. मग शिमग्याला येतात, गणपतीला येतात, नि परत जातात. चाकरमानी.”

सगळे हसले. जिन्याच्या कठड्याला टेकून सुपातले पोहे निवडत बसलेल्या तुळसाकाकी तेवढ्या हसल्या नाहीत. “तिची येते तरी,” त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

तुळसाकाकींची गोष्ट अख्ख्या इमारतीला माहीत होती. राजापूरकडच्या गावात त्यांचे घर आणि नवऱ्याने लावलेली हापूसची कलमे. गुडघे गेल्यापासून त्या धाकट्या मुलाकडे, संदेशकडे, मांडवीला राहत; आंब्याच्या दिवसांत तेवढ्या गावी जात. थोरला बाबल्या डोंबिवलीला. त्याचा लिफ्ट दुरुस्तीचा धंदा, हाताखाली माणसे, पण इथे तो पन्नाशीकडे आला तरी बाबल्याच. त्याने बागेला गिऱ्हाईक आणले होते. कोणाला तरी तिथे डोंगरउतारावर लाकडी खोल्यांचे रिसॉर्ट काढायचे होते. संदेशचे म्हणणे, आई म्हणेल ते. बाग आईच्या नावावर. आणि आईचे म्हणणे एकच: “देवाचा कौल घ्या. उजवा दिला तर मी सही करते.”

आता मौज अशी की गावच्या देवळात कौल बंद होता. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून दोन मानकऱ्यांत जुंपली, प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल लागेपर्यंत देवाने फक्त पूजा घ्यायची, बोलायचे नाही, असे गावाने ठरवले. त्यामुळे कौल लागेना, सही होईना आणि बाग जागच्या जागी. बाबल्या सुरुवातीला चिडून फोन करी. मग म्हणाला, कौल सुरू झाला की कळवा, तोवर येऊन तरी काय करू. आणि खरोखरच त्याने येणे सोडले. गेल्या गणपतीला त्याचा व्हिडिओ कॉल आला, आरतीच्या वेळी संदेशने फोन गणपतीसमोर धरला आणि रेंज गेली.

अशात संदेश एकदा फोनवर बोलता बोलता भावाला म्हणाला, आमच्या इमारतीत शिवलकरभाऊंकडे ग्रीक कौल लागतो. पंपाचा तर तंतोतंत खरा झाला. बाबल्याने दोनच प्रश्न विचारले. उजवा-डावा स्वच्छ कळतो का, आणि देव जुना आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धोंडूकाकांनी फोन हातात घेऊन दिले: बारा देव हायत, नि आपल्या पांडवकालीन लेण्यांच्या आधीचे. बाबल्या म्हणाला, मग आई आता नाही म्हणू शकत नाही, मी रविवारी येतो.

दत्तारामांच्या छातीत काहीतरी फुलले. नोकरी सुटल्यापासून कोणी त्यांच्या एका शब्दासाठी डोंबिवलीहून आले नव्हते. त्यांनी ही बातमी घरात जेवढी सहजपणे सांगता येईल तेवढी सांगितली. दर्शनाताई मासे साफ करत होत्या.

“म्हणजे तुमच्या एका पत्त्यावर काकींची बाग?” त्या म्हणाल्या. “बिचारीने कसं छान अडवून धरलं होतं. तुम्ही दार उघडून दिलंत.”

हे दत्तारामांच्या ध्यानातच आले नव्हते. त्या दुपारी त्यांना बांगडा गोड लागला नाही. त्यांनी शमिका मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, काका, टॅरो कधीच हो किंवा नाही म्हणत नाही. तो फक्त प्रश्न नीट दाखवतो. दत्तारामांना हायसे वाटले. ते खाली जाऊन धोंडूकाकांना म्हणाले की पत्ता हो-नाही सांगत नाही, फक्त प्रश्न नीट दाखवतो.

“प्रश्न आम्हाला दिसतोय की,” धोंडूकाका म्हणाले. “असं बोलणारा गुरव आमच्या गावात शिमग्यापर्यंत टिकला नसता.”

जागेची अडचण आली. दत्तारामांच्या दिवाणखान्यात एवढी माणसे मावणार नव्हती आणि सोसायटीचा हॉल पाहिजे तर सेक्रेटरीची परवानगी. प्रज्ञेश म्हणाले, हॉल सांस्कृतिक कार्यक्रमाला मिळतो, कौलाला मिळत नाही. शेवटी अर्ज झाला तो ‘ग्रीक पुराणकथा: एक व्याख्यान’ या विषयाचा. अट एक. प्रज्ञेश स्वतः पहिल्या रांगेत बसणार. “गोष्ट सांगा, अर्थ सांगा, काय वाटेल ते सांगा,” ते म्हणाले, “पण तोंडातून भविष्यकाळ निघाला की मी उभा राहणार.”

मग नैवेद्याचा प्रश्न. झ्यूसला काय चालते, असे धोंडूकाकांनी विचारले. दत्तारामांनी मॅडमच्या टिपणात पाहिले तर तिथे पांढरा बैल लिहिला होता. त्यांनी टिपण मिटले आणि नारळ चालतो म्हणून सांगितले. वर द्राक्षांचा आंबवलेला रस ओततात हे खरे असल्यामुळे तेही सांगितले. धोंडूकाकांचा चेहरा उजळला, पण दर्शनाताईंनी त्या जागी कोकम सरबत ठेवले आणि विषय संपवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी दत्तारामांनी बायकोलाही सांगितली नाही. शनिवारी त्यांनी लबाडी करायचे ठरवले. आयुष्यात एका इंचाची खोटी मोजणी न केलेला हा माणूस दार लावून बसला आणि तीन पत्त्यांतला शेवटचा, म्हणजे कौलाचा, पत्ता उलटाच यावा असा गठ्ठा लावायची तालीम करू लागला. डावा कौल आला की बाग वाचली. यात देवांचा थोडा अवमान होता, पण ज्या देवांनी आपल्या बापाला फसवले त्यांनी यावर फार बोलू नये, असा त्यांनी स्वतःशी युक्तिवाद केला.

रविवारी सकाळी बाबल्या आला. रात्रीच्या गाडीने, डोळे लाल, हातात मिठाईचा डबा. तुळसाकाकी पहाटेपासून उठल्या होत्या. त्यांनी घावणे केले, नारळाचा रस केला, आणि बाबल्या खात असताना समोर बसून राहिल्या. तो व्यवहाराचे काही बोलू लागला की त्या आणखी एक घावण वाढत. चौथ्या घावणानंतर त्याने बोलणे सोडले आणि खाणे चालू ठेवले.

हॉल भरला होता. टेबलावर दर्शनाताईंची ठेवणीतली चादर, नारळ, सरबताचा जग. धोंडूकाका टोपी घालून पुढे आले आणि कोणी सांगितले नसताना त्यांनी हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले.

“बा बाराच्या देवा महाराजा, ऑलिंपसच्या राजा महाराजा, आज ही तुळसा मांडवकर नि तिची लेकरं तुझ्या पायाशी इली हायत. मराठीत बोलतोय ते गोड मानून घे रे महाराजा. बागेचा जो काय वाद पडलाय तो तुझ्या मनात असेल तसा मोकळा कर रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” हॉल एका आवाजात म्हणाला. प्रज्ञेशनी ओठ घट्ट मिटले होते, पण मान किंचित हलली असे म्हणणारे लोक आहेत.

दत्तारामांनी पहिला पत्ता मांडला. डिमिटर. त्यांनी लेक हरवलेल्या आईची गोष्ट सांगितली आणि ती बरी सांगितली. बाबल्याने फोन पालथा ठेवला. दुसरा पत्ता निघाला आणि हॉलमध्ये कुजबूज झाली, कारण तो हेडीसचा होता आणि खाली मृत्यू असे लिहिलेले. दत्तारामांनी घाईघाईने खुलासा केला की हेडीस म्हणजे मरण नव्हे; जमिनीच्या पोटात जे दडलेले असते त्याचा तो मालक.

“म्हणजे बागेत बोअरला पाणी लागणार?” संदेशने विचारले.

“लागणार हा भविष्यकाळ आहे,” प्रज्ञेश म्हणाले.

“लागतं का?”

“तसं विचारा.”

बाबल्याचे लक्ष पहिल्याच पत्त्यावर होते. “भाऊ,” तो म्हणाला, “त्या पोरीला आईकडे किती महिने दिले होते?”

दत्तारामांनी सांगितले की यात मतभेद आहेत. कोणी सहा म्हणतात, कोणी आठ.

“एवढी सुट्टी कोणाला परवडते?” बाबल्या म्हणाला. दोन-तीन जण हसले. तो हसला नाही. तुळसाकाकी चादरीवरचा नसलेला दोरा उचलत होत्या.

मग तिसरा पत्ता. दत्तारामांनी तो गठ्ठ्यातून काढून पालथा ठेवला. तालमीप्रमाणे सगळे जुळले होते. हा उघडला की पाय वर, डोके खाली, डावा कौल. त्यांनी पत्त्याच्या कडेला बोट लावले.

“थांबा,” धोंडूकाका म्हणाले. “उजवा कोणाच्या बाजूनं?”

“म्हणजे?”

“कौलात उजवा म्हणजे देवाचा उजवा. माणसाचा नव्हे. मूर्ती आपल्याकडे तोंड करून असते. इथं देव कुठं तोंड करून बसलाय? तुम्हाला जो पत्ता उलटा दिसेल तो समोर बसलेल्या काकींना सुलटा दिसेल. मग मानायचा कोणाचा?”

दत्तारामांनी बोट मागे घेतले. एवढी तालीम केली, त्यात हे सुचले नव्हते. हॉल दोन भागांत फुटला. अर्ध्यांचे म्हणणे, पत्ता वाचणारा तो गुरव, त्याच्या बाजूने धरा. उरलेल्यांचे म्हणणे, बाग जिची तिच्या बाजूने. बाबल्या म्हणाला, मी एवढ्या लांबून आलोय, कोणाच्याही बाजूने धरा पण धरा. संदेशने होकायंत्र लावायला मोबाइल काढला आणि ऑलिंपस पश्चिमेला आहे की वायव्येला यावर त्याचे आणि सागरचे जुंपले. प्रज्ञेश न राहवून उभे राहिले आणि म्हणाले की हे सगळेच नियमबाह्य आहे. तरीपण प्रश्न पडलाच आहे तर तर्काने देवाचीच बाजू धरली पाहिजे. असे म्हणून आपण काय बोलून गेलो हे ध्यानात आल्यावर ते खाली बसले आणि एक ग्लास सरबत घटाघट प्याले.

या गदारोळात तुळसाकाकींनी दत्तारामांना खुणेने कोपऱ्यात बोलावले, पाण्याच्या पिंपापाशी. दत्ताराम गेले. त्यांना म्हातारीचे मन कळले होते. आयुष्यात एकदाच मिळते अशी ही घडी होती: एक असहाय स्त्री, तिची बाग, आणि मध्ये उभे ते. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

“काकी, घाबरू नका,” ते हळूच म्हणाले. “मी पत्ता लावूनच ठेवलाय. डावाच येणार. बाग कुठे जात नाही.”

तुळसाकाकींनी त्यांच्याकडे असे बघितले, जसे त्या न शिजलेल्या डाळीकडे बघत.

“तसं नको हो भाऊ. डावा आला तर बाबल्या आज संध्याकाळच्याच गाडीनं जाईल, नि मग येतोय कशाला? उजवा आला तर बाग जाईल, मग तर त्याचं इकडचं कामच संपलं. चार घावणे खाल्लेन आज त्यानं. दोन वर्षांनी.”

मागे धोंडूकाका झ्यूसच्या वतीने बोलत होते. बाबल्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, अगदी गावच्या घरात चढावा तसा.

“मग मी काय करू?” दत्तारामांनी विचारले.

तुळसाकाकींनी पदर सावरला आणि एकदा मुलाकडे बघून घेतले.

“देवाला आज जरा बरं नाय म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या, “नि पुढची तारीख द्या. ओले काजू येतात तेव्हाची द्या. त्याला उसळ आवडते.”